बेटावरच्या जुन्या दिव्याचा इतिहास कसा लिहायचा: बेळगावकरांसाठी, कारवारचं देवगड समोर ठेवून

बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही, पण इथल्या मालाला समुद्र गाठावाच लागायचा. बेळगावच्या गाड्या रामघाटाने आणि पुढे आंबोली घाटाने वेंगुर्ल्याला उतरायच्या, धारवाड-हुबळीकडचा कापूस कारवारला जायचा. या दोन्ही बंदरांसमोर बेटं आहेत आणि बेटांवर दिवे आहेत. वेंगुर्ल्यासमोर वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे बर्न्ट आयलंड. कारवारसमोर ऑयस्टर रॉक्स हा बेटांचा पुंजका, आणि त्यातल्या देवगडावर १८६४ साली पुरा झालेला दीपस्तंभ.

अशा दिव्यावर लिहिलेलं बरंच काही वाचायला मिळतं, पण बहुतेक ठिकाणी तीच दोन वाक्यं फिरत असतात: इंग्रजांनी बांधला, अमुक फूट उंच आहे. दिवा नेमका त्याच साली, त्याच बेटावर का लागला, हे त्यात नसतं. त्याचं उत्तर बेटावर कमी आणि घाटाच्या वरच्या अंगाला, म्हणजे आपल्याकडे, जास्त सापडतं. म्हणून हे काम बेळगावात बसून सुरू करणं सोयीचंच आहे. खाली देवगडचं उदाहरण धरलं आहे, पण रीत कुठल्याही बेटावरच्या दिव्याला लागू पडते.

आधी नाव पक्कं करा

देवगड म्हटलं की शोधात पहिल्यांदा सिंधुदुर्गातलं देवगड येतं. तिथेही किल्ला आहे आणि किल्ल्यावर दीपस्तंभ आहे, त्यामुळे दोघांची माहिती एकमेकांत मिसळलेली वारंवार दिसते. ऑयस्टर रॉक म्हणून शोधलं तर मुंबई बंदरातला त्याच नावाचा खडक येतो. वहीच्या पहिल्या पानावर दिव्याची सगळी नावं, जिल्हा, जवळचं बंदर आणि अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. पुढे कुठलाही आकडा उतरवण्याआधी तो याच बेटाचा आहे का, हे या पानाशी ताडून बघा.

जुन्या कागदांतलं इंग्रजी स्पेलिंग हा दुसरा अडथळा. कारवार तेव्हा 'के'ऐवजी 'सी'ने सुरू व्हायचं. कानडा जिल्ह्याचंही तेच. वेंगुर्ला 'विंगोर्ला' असं लिहिलेलं सापडतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १८६० च्या आसपासच्या कापसाच्या पत्रव्यवहारात या बंदराला कारवार न म्हणता काळी नदीच्या उत्तर काठावरच्या सदाशिवगडाचं नाव आहे, तेही 'सेदाशेगर' अशा मोडक्या रूपात. हे माहीत नसेल तर अख्खी फाईल डोळ्यांसमोरून निघून जाते. इंटरनेटवर स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांत शब्द टाकून शोधलं आणि काही मिळालं नाही, तर तो शब्द तिथे नाहीच असं धरू नका. यंत्राने वाचलेली अक्षरं चुकलेली असतात. सूचीची पानं उघडून डोळ्यांनी वाचावीच लागतात.

दिव्याची गरज कुठून आली

दिवा लावायला पैसा लागतो, आणि तो व्यापार असल्याशिवाय कुठलंही सरकार घालत नाही. म्हणून बांधकामाच्या आधीची दहा आणि नंतरची पंचवीस वर्षं यांची एक पट्टी कागदावर आखा आणि तिच्यावर दिवा सोडून बाकीच्या घटना मांडा.

देवगडसाठी ती पट्टी अशी भरते. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस विलायतेला पोचेनासा झाला आणि गिरणीवाल्यांची नजर धारवाडच्या कापसाकडे वळली. १८६२ ला उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला. त्याच सुमाराला मँचेस्टर कॉटन कंपनीने सदाशिवगडला यंत्रसामग्री आणली, तेव्हा ती उतरवून घ्यायला धड धक्का नव्हता आणि घाटरस्ताही पुरा झालेला नव्हता. १८६४ ला देवगडचा दिवा झाला. १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं. १८८८ च्या सुमाराला लोंढा-कॅसलरॉक-मुरगाव रेल्वेमार्ग सुरू झाला आणि घाटावरचा माल कारवारला न जाता गोव्यातल्या मुरगाव बंदराकडे वळला.

पट्टी भरली की मोह होतो: कापसासाठीच दिवा बांधला, असं ठोकून द्यावंसं वाटतं. थांबा. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या एवढ्याने एक दुसरीचं कारण ठरत नाही. मंजुरीच्या कागदात खर्चाचं कारण काय दिलं आहे, ते वाचायला मिळालं तरच 'म्हणून' हा शब्द वापरा. तोवर 'त्याच काळात' एवढंच लिहा.

या टप्प्यासाठी मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचे, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचे, चार खंड हाताशी ठेवा. पंधरावा कानड्याचा, दोन भागांत. एकविसावा बेळगावचा. बाविसावा धारवाडचा. वेंगुर्ल्याच्या दिव्यावर काम करत असाल तर दहावा, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. दिव्याची नोंद बंदराच्या वर्णनात मिळेल, पण खरा माल व्यापाराच्या प्रकरणात आहे: कुठल्या घाटाने काय उतरलं आणि बंदरातून काय निघालं. बेळगाव आणि धारवाडच्या खंडांत रस्ते आणि नाक्यांची माहिती आहे. ती कारवारच्या आयात-निर्यातीशेजारी ठेवून वाचली की चित्र उघडतं. लक्षात ठेवा, हे खंड १८८० ते १८८४ मधले आहेत. १८६४ च्या घटनेसाठी ते वीस वर्षांनंतरचं लिखाण आहे, साक्षीदाराचा कागद नव्हे. छापील प्रत हाताळायची असेल तर आधी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. संस्था १८४८ ची आहे.

कागद कुठल्या राजधानीत आहेत

सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. एकाच बेटाचा कारभार तीन राजधान्यांतून झाला. १८६२ पूर्वीचा पत्रव्यवहार मद्रासला, १८६२ ते १९५६ मुंबईला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कानडा हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, त्यानंतरचा राज्य पातळीवरचा कागद बेंगळुरूला. देवगडच्या उभारणीचा कागद हवा असेल तर बेंगळुरूला खेटे घालण्यात अर्थ नाही. तो मुंबईत, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात शोधायचा.

तिथे कागद गावाच्या नावाने लावलेले नसतात. खातं, साल, खंड असा क्रम असतो. दिव्यासाठी सार्वजनिक बांधकाम खातं आणि सागरी खातं, अशी दोन्ही पाहावी लागतात, कारण मनोरा एकाने बांधला आणि दिवा दुसऱ्याने चालवला. पुरा झाल्याच्या सालाच्या मागे निदान चार वर्षं जा (देवगडसाठी त्यातली १८६२ पूर्वीची वर्षं मद्रासच्या कागदांत). मंजुरी, दगडाची वाहतूक, विलायतेहून भिंग मागवणं यांत वर्षं जातात. ओळखपत्र आणि कामाचं स्वरूप सांगणारं पत्र बरोबर न्या. कागद फार ठिसूळ झालेला असेल तर तो देत नाहीत, तेव्हा पर्यायी खंडांची यादी आधीच तयार असू द्या.

आणखी एक फाटा इथेच समजून घ्या. १९२७ च्या दीपस्तंभ कायद्याने दिव्यांचे दोन वर्ग पडले: सर्वसाधारण दिवे केंद्राकडे आणि स्थानिक दिवे प्रांताकडे किंवा बंदराकडे. तुमचा दिवा कुठल्या साली कुठल्या वर्गात होता, यावर त्याची नंतरची फाईल दीपस्तंभ महासंचालनालयात, म्हणजे नोएडाला, मिळेल की बंदर खात्यात, हे ठरतं. १९२७ च्या जागी आता २०२१ चा सागरी नौकानयन साहाय्य कायदा आहे. अर्ज करताना नव्या कायद्याचं नाव घाला आणि जुनी फाईल मागताना जुन्याचं.

दिव्यात झालेल्या बदलांसाठी सगळ्यात भरवशाचा स्रोत म्हणजे खलाशांसाठी निघणाऱ्या दिव्यांच्या याद्या आणि सूचना. आज भारतीय याद्या देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, त्याआधीच्या ब्रिटिश आरमाराच्या आहेत. या यादीत चूक झाली तर जहाज खडकावर जाईल, म्हणून इथला आकडा सहसा जपून दिलेला असतो. एकामागून एक वर्षांच्या याद्या घ्या आणि दिव्याची ओळ ज्या वर्षी बदलली ते वर्ष टिपा: स्थिर पांढरा होता, तो लुकलुकता कधी झाला? किनाऱ्यावर घरं आणि मासेमारीच्या होड्यांवरचे दिवे वाढले की स्थिर दिवा त्यांच्यात ओळखू येत नाही, म्हणून असे बदल झाले.

उंचीचे आकडे: इथे सर्वांत जास्त चुका होतात

दीपस्तंभाला तीन उंची असतात. मनोऱ्याची पायथ्यापासून टोकापर्यंतची, ज्योतीची पायथ्यापासूनची, आणि ज्योतीची भरतीच्या पाण्यापासूनची. खलाशाला फक्त तिसरीशी काम असतं, म्हणून जुन्या कागदांत बहुधा तीच दिलेली असते. देवगडची नोंद आहे २१० फूट. हे समुद्रापासून, म्हणजे बेटाची टेकडी धरून. '२१० फुटी मनोरा' असं कुठे वाचलंत तर त्या लेखातले बाकीचे आकडेही तपासूनच घ्या.

आकडा खरा वाटतो का, हे घरबसल्या तपासता येतं. दिव्याची आणि बघणाऱ्याच्या डोळ्याची समुद्रापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि २.०८ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं, एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिवा कुठे क्षितिजाआड जातो, ते हा हिशेब सांगतो.

२१० फूट म्हणजे ६४ मीटर, वर्गमूळ ८, गुणिले २.०८ म्हणजे १६.६. ब्रिटिश याद्या खलाशाचा डोळा पाण्यापासून १५ फुटांवर धरत. १५ फूट म्हणजे ४.६ मीटर, वर्गमूळ २.१४, गुणाकार ४.५. एकूण २१ सागरी मैल. गॅझेटियरमध्ये दिव्याचा पल्ला २० मैल दिला आहे, म्हणजे उंचीचा आणि पल्ल्याचा आकडा एकमेकांना धरून आहेत. आता हेच २० मैल जमिनीवरचे, १,६०९ मीटरचे, धरून बघा. ते १७.४ सागरी मैल होतात. तेवढ्यातच दिवा दिसेनासा व्हायला बघणाऱ्याचा डोळा पाण्यापासून वीतभरही वर असता कामा नये. म्हणजे नोंदीतले मैल सागरीच आहेत, आणि किलोमीटर करताना ३२ नव्हे, ३७ लिहायचे.

पल्ला उंचीच्या हिशेबापेक्षा कमी निघाला तर घाबरू नका, दिवा मंद असेल. जुन्या नोंदीत जास्त निघाला तर मात्र दोनांपैकी एक आकडा चुकला असण्याची शक्यता आहे.

बेटावर जाताना

खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, अणशी या वाटेने कारवार गाठता येतं, पण पावसात अणशी घाटात दरड आली की रस्ता बंद. तसंही पावसाळ्यात बेटावर जाण्याचा विचार नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि त्यानंतरही समुद्र लगेच निवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर वारा भरतो आणि खडकावर उतरणं-चढणं अवघड होतं. किती वाजता परत फिरायचं हे होडी चालवणाऱ्या तांडेलला ठरवू द्या, तुमचं मोजमाप अर्धं राहिलं तरी.

दीपस्तंभ खात्याची परवानगी लेखी घ्या आणि आत शिरून मोजमाप करायचं आहे, हे अर्जातच लिहा. नुसत्या भेटीच्या परवानगीवर वरच्या खोलीत सोडतील असं नाही. कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा कदंब तळ आहे, अंजदीव बेट त्यातच येतं. त्या दिशेने कॅमेरा रोखू नका आणि ड्रोन घरीच ठेवा. वेंगुर्ला रॉक्सला जाणाऱ्यांनी तिथल्या गुहांपासून दूर राहावं. गुहांतली पाकोळी पक्ष्याची घरटी संरक्षित आहेत.

बरोबर ३० मीटरची कापडी टेप, ५ मीटरची पोलादी टेप, ओळंबा, ३० सेंटिमीटरची पट्टी, टॉर्च, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. शाई खाऱ्या दमट हवेत पसरते. मोबाईलच्या जीपीएसची उंची वापरू नका. काही ॲप पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागापासूनची उंची दाखवतात आणि आपल्या किनाऱ्यावर ती समुद्रसपाटीपेक्षा पन्नास मीटरांहून जास्त चुकते. वाळूत उभं राहिलात तरी उणे आकडा दिसतो.

मनोरा गोल असेल तर पायथ्याला टेप गुंडाळा आणि परिघाला ३.१४ ने भागा. अष्टकोनी असेल तर आठही बाजू वेगळ्या मोजा, त्या सारख्या असतीलच असं नाही. उंचीसाठी सगळ्या पायऱ्या मोजा आणि दर दहाव्या पायरीची उंची घ्या. दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, तेव्हा टेप भिंतीकडच्या कडेला लावा. शेवटचा टप्पा बहुधा लोखंडी शिडीचा असतो, त्याचं माप वेगळं लिहा. प्रत्येक फोटोत पट्टी दिसली पाहिजे, आणि शिलालेखाचा फोटो बाजूने टॉर्च मारून घ्या. समोरून प्रकाश पडला की झिजलेली अक्षरं नाहीशी होतात.

भिंग वाचायला शिका

मनोरा आणि भिंग एकाच वयाचे असतील असं गृहीत धरू नका. मनोरा तोच राहतो, आतली यंत्रणा दोन-तीनदा बदलते. पितळी चौकटीवर किंवा खालच्या चौथऱ्यावर बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी असते: बर्मिंगहॅमजवळची चान्स ब्रदर्स, किंवा पॅरिसची बार्बिए, बेनार ए त्युरेन. पट्टीवरचं साल यंत्रणेचं असतं. ते मनोऱ्याच्या नावावर लिहिलं की इतिहास तीस-चाळीस वर्षं सरकतो.

पट्टी नसेल तर मापावरून दर्जा कळतो. दीपस्तंभांत वापरतात त्या फ्रेनेलच्या भिंगांत ज्योतीपासून काचेच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. पहिल्या दर्जाला ९२० मिलिमीटर, दुसऱ्याला ७००, तिसऱ्याला ५००, चौथ्याला २५०, पाचव्याला १८७.५, सहाव्याला १५०. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये ३७५ चाही एक दर्जा आहे. काचेच्या आतल्या अंगाचा व्यास मोजा आणि निम्मा करा. बाहेरून मोजलं तर त्यात काचेची जाडी मिसळते आणि भलताच दर्जा निघतो.

काचेचा मधला पट्टा सगळीकडून सारखा, पिंपासारखा गुळगुळीत असेल तर ते स्थिर दिव्याचं भिंग. वेगवेगळे फलक आणि प्रत्येकाच्या मध्यावर गोल फुगीर भिंग असेल तर ते फिरणारं, लुकलुकतं. फिरणाऱ्याखाली चाकं आहेत का पाऱ्याचं कुंड, ते बघा. पाऱ्यावर तरंगणारी भिंगं १८९० नंतरची. कुंड दिसलं तर हात लावू नका, तिथे रेंगाळू नका, त्याची वाफ विषारी असते. मनोऱ्याच्या मधोमध उभी नळी असेल तर तिच्यातून घड्याळाचं वजन उतरायचं आणि रात्री ते गुंडाळून पुन्हा वर घ्यावं लागायचं. विजेची मोटर बसल्यावर नळी उगाच राहिली, पण इतिहासाला ती उपयोगी आहे.

काच पुसू नका. तिच्यावर मिठाचे कण असतात, कोरडं फडकं फिरवलं की कायमचे ओरखडे पडतात. खोलीला पडद्यांच्या दांड्या दिसल्या तर त्यांचाही फोटो घ्या. दिवसा पडदे लावले नाहीत तर तेच भिंग सूर्याचा झोत आत एकवटतं आणि दिव्याचे भाग जळतात.

माणसांकडून ऐकताना

दिव्यावर नोकरी केलेली माणसं आणि त्यांना पाणी, किराणा पोचवणारे होडीवाले यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही खंडात नाही. कारवारात कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही चालतात. समोरचा ज्या भाषेत सहज बोलेल तीच ठेवा, उतरवताना त्याचे शब्द तसेच राहू द्या. "कधी?" असं विचारलं की साल चुकीचं येतं. सालाऐवजी खूण विचारा: गोवा सुटला त्याच्या आधी की नंतर? ती खूण म्हणजे डिसेंबर १९६१. राज्य बदललं तेव्हा, म्हणजे १९५६? कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७? त्यानंतर कामाचे प्रश्न: तेल कशातून यायचं, डबा किती रात्री पुरायचा, मेंटल (ज्योतीवरची जाळी) फुटलं तर काय करायचे, पावसाळ्यातले महिने बेटावर पाणी कुठून यायचं, वीज किंवा सौरपट्ट्या आल्या तेव्हा कोणाचं काम गेलं. चालू नोकरीतल्या माणसाचं नाव छापण्याआधी त्याला विचारा.

लिहायला बसल्यावर

पाच तारखांसाठी पाच वेगळे रकाने पाडा: मंजुरी, पायाभरणी, पहिल्यांदा दिवा लागला, यंत्रणा बदलली, माणूस कायमचा उतरला. 'बांधला' हा एकच शब्द या पाचांपैकी कशासाठीही वापरला जातो, आणि दोन लेखांतली सालं त्यामुळेच जुळत नाहीत. अलिबागजवळच्या खांदेरीची पायाभरणी जानेवारी १८६७ ची आणि दिवा त्याच वर्षी जूनमध्ये लागला. तिथे फरक महिन्यांचा आहे, इतरत्र तो वर्षांचा असतो. ज्या रकान्यासाठी कागद नाही तो रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका.

प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला, वाचलेला की ऐकलेला, हे एका अक्षराने नोंदवा: मो, वा, ऐ. फूट आणि मैल मूळ कागदात असतील तसे ठेवा आणि पुढे मीटर-किलोमीटर द्या. नुसतं रूपांतर छापलं तर पुढच्याला मूळ कागदात तो आकडा सापडणार नाही. मसुदा छापण्याआधी दोघांना वाचायला द्या, एक दिव्यावर काम केलेला आणि एक त्या पाण्यात होडी चालवणारा. कागदातल्या चुका पहिला काढेल आणि खडक, वारा, उतरायची जागा यांतल्या दुसरा. छापून झालं की एक प्रत बेळगावच्या वाचनालयात आणि एक दीपस्तंभ खात्याच्या कार्यालयात द्या, मोजमापांच्या वहीच्या झेरॉक्ससह.